ब्रेक दाबला की गाडी का थरथरते?

ब्रेकवर पाय ठेवला की गाडीने निमूटपणे थांबावे, एवढीच सामान्य गृहस्थाची तिच्याकडून अपेक्षा असते. नवी गाडी ती बिनतक्रार पुरी करते. जुनी गाडी मात्र कधीकधी थांबता थांबता अंगात आल्यासारखी हलू लागते. हातातल्या स्टिअरिंगला हीव भरते, पायाखालचे पेडल धडधडते, डॅशबोर्डावरचा गणपती डुलू लागतो आणि मागच्या सीटवरून प्रश्न येतो, "अहो, हे काय होतंय?"

या दुखण्याला मोटारशास्त्रातले लोक 'जडर' म्हणतात. आपल्याकडच्या गॅरेजात 'ब्रेकला व्हायब्रेशन आहे' एवढे सांगितले की पुरते. रोग जसा सर्वांच्या ओळखीचा, तसे त्याचे औषधही ठरलेले: "डिस्क वाकली, साहेब. बदलून टाकू." डिस्क बदलली जाते, बिल दिले जाते, गाडी चार-सहा महिने शहाण्यासारखी वागते आणि मग एके दिवशी तीच थरथर पुन्हा हजर! असे का होते, हे आमच्या घरच्या गाडीच्या निमित्ताने मला नीट समजून घेता आले. दिवाळीच्या सुट्टीत अनेक कुटुंबे आपापल्या जुन्या गाड्या घेऊन घाटरस्त्यांना लागतात; त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून हा सारा प्रपंच.

थरथर कुठली, ते आधी ओळखा

गाडीची प्रत्येक थरथर ब्रेकचीच असते असे नाही. ताशी ऐंशी-नव्वद किलोमीटरच्या वेगाला, ब्रेकला पाय न लावताही स्टिअरिंग हलत असेल, तर दोष बहुधा चाकाच्या बॅलन्सिंगमध्ये किंवा टायरमध्ये असतो. ब्रेक दाबल्यावरच थरथर सुरू होते आणि पाय काढला की थांबते, तेव्हाच ती ब्रेकची समजावी. ज्या गाड्यांना एबीएस आहे, त्यांत निसरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारला की पेडल पायाखाली टकटकते. ती त्या यंत्रणेची नेहमीची चाल आहे, रोग नव्हे.

पुढची पायरी म्हणजे थरथर पुढच्या चाकांची की मागच्या, हे ठरवणे. हातातले स्टिअरिंग हलत असेल तर पुढची चाके संशयित. स्टिअरिंग शांत आहे, पण सीट आणि गाडीचा तळ हलतो आहे, असे असेल तर मागची. याची खात्री करण्याची एक जुनी रीत आहे. मोकळ्या, सरळ आणि कोरड्या रस्त्यावर, मागेपुढे कोणी नसताना, ताशी तीस किलोमीटरच्या वेगात हातब्रेक बटण दाबून धरूनच हळूहळू ओढायचा. बहुतेक जुन्या गाड्यांत हातब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो. तेव्हा त्याने थरथर आली तर दोष मागे. नाही आली तर पुढे पाहावे. हा प्रयोग पावसात किंवा वळणावर करू नये, आणि हाताला सवय नसेल तर मिस्तरीलाच करू द्यावा.

एक गोष्ट मात्र निराळी ठेवा. पेडल मऊ लागते, खाली जाते, किंवा ब्रेक लावताच गाडी एका बाजूला ओढते, अशी लक्षणे असतील तर ती थरथरीपेक्षा गंभीर आहेत. अशा वेळी गाडी चालवत गॅरेजात नेण्याचाही मोह नको. मिस्तरीला घरी बोलवावे.

आमच्या गाडीचे दुखणे

आमची गाडी २००४ सालची. पुढे डिस्क, मागे ड्रम. त्या काळच्या मध्यमवर्गीय गाड्यांची ही नेहमीचीच मांडणी. पंधरा वर्षांनी एकदा आणि त्यानंतर पाच वर्षांनी पुन्हा तिची नोंदणी वाढवून झाली आहे. गेल्या वर्षी एका गॅरेजात तिच्या पुढच्या दोन्ही डिस्क आणि पॅड नवे बसवले. काम झाले, गाडी लोण्यासारखी थांबू लागली. पुढे आठेक महिने गेले, गाडी सात हजार किलोमीटर धावली, आणि पाचगणीहून वाईला पसरणीचा घाट उतरताना दुसऱ्याच वळणावर स्टिअरिंग हातात नाचू लागले.

घाटात ब्रेकवर किती भार पडतो, याची आपल्याला कल्पना नसते. पाचगणी आणि वाई यांच्या उंचीत पाचशे मीटरहून अधिक फरक आहे. माणसे आणि सामान धरून गाडी अकराशे किलोची मानली, तर तेवढी खाली आणताना जी उष्णता निर्माण होते, तिच्यावर बंबातले पंधरा-सोळा लिटर पाणी उकळावे! त्यातला काही वाटा हवा आणि इंजिन उचलते. उरलेला सगळा ब्रेकच्या माथी. म्हणून ज्या गिअरमध्ये घाट चढायचा, त्याच गिअरमध्ये तो उतरायचा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम सोन्यासारखा आहे. आम्ही दुसऱ्या गिअरमध्ये, ब्रेकचा वापर बेताबेताने करीत वाईत उतरलो. पण गाडीत म्हातारी माणसे आणि मुले असताना ब्रेकवरचा विश्वास डळमळणे ही गोष्ट साधी नाही. डिस्क तर नव्याच होत्या. मग थरथर आली कुठून?

चिरंजीवांनी गाडीतच मोबाइलवर शोध घेऊन निर्णय दिला, "बाबा, डिस्क वाकली आहे. सगळे हेच लिहितात."

पुण्याला आल्यावर गाडी मी एका वयस्कर मिस्तरींकडे नेली. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "वाकली, हे कुणी मोजलं?"

थाळी वाकते की झिजते?

डिस्क-ब्रेकची कल्पना बरीच जुनी आहे. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज इंजिनिअराने १९०२ साली तिचे पेटंट घेतले. पण तिचा खरा बोलबाला झाला तो १९५३ साली, डिस्क-ब्रेक लावलेल्या जग्वारने फ्रान्समधली ल मांची चोवीस तासांची शर्यत जिंकली तेव्हा. रचना अगदी सुटसुटीत. चाकाबरोबर फिरणारी बिडाची एक थाळी, म्हणजे डिस्क. तिच्या दोन्ही बाजूंना एकेक पॅड. आणि पॅडना चिमट्यासारखे धरणारा कॅलिपर. पेडल दाबले की चिमटा आवळला जातो.

ही थाळी सगळीकडे सारख्या जाडीची असेल, तर चिमट्याची पकड सारखी राहते आणि गाडी एकसंधपणे थांबते. पण थाळी एके ठिकाणी जाड आणि दुसऱ्या ठिकाणी पातळ झाली, की जाड भाग पॅडांखाली आला म्हणजे पकड वाढते आणि पातळ भाग आला म्हणजे ढिली पडते. आमच्या गाडीचे चाक ताशी साठच्या वेगाला सेकंदाला सुमारे दहा फेरे घेते. म्हणजे पकड सेकंदाला दहा वेळा वाढते आणि दहा वेळा कमी होते. हीच ती थरथर! यासाठी जाडीत फरकही फार लागत नाही. मिलिमीटरचा शंभरावा-पन्नासावा हिस्सा पुरतो. माणसाचा केस याहून कितीतरी जाड असतो.

आता ही थाळी असमान होते कशी? गॅरेजात सांगतात तशी उष्णतेने पापडासारखी वाकून बहुधा नव्हे. मिस्तरींनी ते असे समजावले. ग्रामोफोनची तबकडी आठवा. तिच्याखाली वाळूचा एक कण राहिला तर तबकडी शाबूत असूनही फिरताना डोलते. डिस्क ज्या भागावर बसते त्याला हब म्हणतात. हबच्या तोंडावर गंजाची पापडी राहिली आणि तिच्यावरच नवी डिस्क आवळली, तर नवी कोरी डिस्कही डोलणारच.

गंमत अशी, की नुसत्या डोलण्याने सुरुवातीला काही जाणवत नाही. कॅलिपर आपल्या पिनांवर सरकतो आणि डिस्कबरोबर झुलत राहतो. पण ब्रेक लावलेला नसतानाही डिस्कचा पुढे आलेला भाग प्रत्येक फेऱ्याला पॅडला किंचित चाटून जातो. आमच्या गाडीचे चाक एका किलोमीटरला सुमारे ५८० फेरे घेते. सात हजार किलोमीटरांत झाले चाळीस लाख! चाळीस लाख वेळा चाटून चाटून तेवढाच भाग झिजतो, जाडीत फरक पडतो आणि सातआठ महिन्यांनी थरथर सुरू होते. तोवर डिस्क बदलल्याची आठवण जुनी झालेली असते, आणि दोष पुन्हा डिस्कच्याच गळ्यात पडतो.

आणखीही कारणे आहेत. घाट उतरून तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून गाडी बराच वेळ एका जागी उभी ठेवली, तर पॅडमधला पदार्थ डिस्कला तेवढ्या जागी चिकटतो आणि तिथे डाग पडतो. कॅलिपरच्या पिना सुकून अडकल्या तर एक पॅड कायम घासत राहतो. डिस्क अतिशय तापली तर बिडात काही ठिकाणी कठीण ठिपके तयार होतात. ते बाकीच्या भागाइतके झिजत नाहीत. आणि पुढच्या चाकाचे बेअरिंग, बॉल-जॉइंट किंवा खालच्या आर्मचे रबरी बुश सैल झाले असतील, तर एरवी जाणवलीही नसती अशी बारीक थरथर मोठी होऊन हातात येते. जुन्या गाडीत हे शेवटचे कारण हमखास तपासावे.

मोजल्याशिवाय बोलू नये

मिस्तरींनी गाडी जॅकवर उचलून खाली लोखंडी घोड्या लावल्या. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली ते कुणाला हातही घालू देत नाहीत. चाकाचे नट सोडतानाच पहिला पुरावा मिळाला. तीन नट हाताच्या जोराने सुटले. चौथ्यासाठी पान्यावर उभे राहावे लागले. वाऱ्याच्या गनने नट वाटेल तसे आवळले की असे होते. एकीकडे जास्त आणि दुसरीकडे कमी ताण पडला, तर डिस्क हबवर सरळ बसत नाही.

चाक काढल्यावर त्यांनी डिस्क नट आणि वॉशर लावून हबवर पुन्हा सारखी आवळली, डायल-गेज बसवला, त्याचे टोक डिस्कच्या बाहेरच्या कडेजवळ टेकवले आणि डिस्क हाताने सावकाश फिरवली. काटा ०.१५ मि.मी. हलला. निरनिराळ्या गाड्यांच्या पुस्तकांत ही मर्यादा साधारणपणे ०.१ मि.मी. किंवा त्याहून कमी असते. मग मायक्रोमीटरने त्यांनी डिस्कची जाडी आठ ठिकाणी मोजली. सर्वांत जाड आणि सर्वांत पातळ जागेत फरक निघाला ०.०३ मि.मी. डोळ्यांना डिस्क आरशासारखी दिसत होती!

त्यानंतर डिस्क उतरवली. हबच्या तोंडावर गंजाचे खरखरीत कडे होते आणि नव्या डिस्कच्या पाठीवर त्याचा ठसा उमटला होता. मिस्तरी म्हणाले, "पाहिलंत साहेब? पाहुणा नवा, पण पाट झाडलाच नाही. पाटावर वाळू असेल तर जेवणारा डुलणारच."

पाट झाडणे म्हणजेच दुरुस्ती

पुढच्या कामात जादू काही नव्हती, निगुती होती. तारेच्या ब्रशने आणि काचपेपरने हबचे तोंड चकचकीत होईपर्यंत घासले. चाकाच्या स्टडच्या मुळाशी अडकलेला गंजही काढला. उघड्या हबवर पुन्हा डायल-गेज लावून हब स्वतः सरळ फिरतो याची खात्री करून घेतली. तो डोलत असता, तर दोष बेअरिंगात किंवा हबमध्ये शोधावा लागला असता.

डिस्क टाकून द्यावी लागली नाही. प्रत्येक डिस्कवर तिची कमीत कमी जाडी कोरलेली असते. तासल्यानंतरही डिस्क त्या आकड्याच्या वर राहणार असेल, तरच ती लेथवर चढवायची. नाहीतर नवी घ्यायची, तिथे काटकसर नाही. आमच्या डिस्कना भरपूर जीव होता. दोन्ही डिस्क, दोन्ही बाजूंनी, हलक्या हाताने तासून घेतल्या. एकच डिस्क तासली तर डावीउजवीकडची पकड सारखी राहत नाही.

कॅलिपरच्या पिना काढून स्वच्छ केल्या आणि त्यांना ब्रेकसाठीच मिळणारे सिलिकोनचे ग्रीस लावले. साधे ग्रीस तिथे चालत नाही; त्याने रबर फुगते. जुन्या पॅडांवर असमान डिस्कची छाप बसलेली असल्याने पॅड नवे घातले. डिस्क बसवून पुन्हा डायल-गेज लावला: काटा हलला ०.०४ मि.मी.! तरीही डोलणे जास्त निघाले असते, तर डिस्क एक भोक पुढे फिरवून पुन्हा मोजायची, अशीही एक युक्ती आहे. हबचा आणि डिस्कचा बारीक दोष कधीकधी एकमेकांना काटतो.

शेवटी नट. ते समोरासमोरच्या क्रमाने, आधी निम्म्या जोराने आणि मग पूर्ण जोराने, टॉर्क-पान्याने आवळले. किती आवळायचे याचा आकडा गाडीच्या पुस्तकात असतो आणि तो पाळायचा असतो.

नव्या पॅडांना डिस्कची ओळख करून द्यावी लागते. मोकळ्या रस्त्यावर ताशी पन्नासवरून दहापर्यंत, पूर्ण न थांबता, बेताने ब्रेक लावायचा. मधे गाडी चालू ठेवून ब्रेक थंड होऊ द्यायचे. असे आठदहा वेळा. त्यानंतर पहिले काही दिवस विनाकारण करकचून ब्रेक मारायचे नाहीत. गाडी तेव्हापासून निमूट थांबते आहे. पण मला अधिक समाधान त्या दोन आकड्यांचे वाटते: आधी ०.१५, नंतर ०.०४. गाडी बरी झाली हे नुसते वाटणे नव्हे. ते मोजलेले आहे.

ड्रमवाल्या जुन्या गाड्या

काही घरांत अजून प्रीमियर पद्मिनी जपून ठेवलेल्या आहेत. मुंबईच्या रस्त्यांवरून काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये दिसेनाशा झाल्या, पण हौशी मंडळींच्या दारांत त्या आहेत. या गाड्यांना चारही चाकांना ड्रम. ड्रमच्या थरथरीचे मूळ बहुधा त्याच्या गोलाईत असते. ड्रम किंचित लंबगोल झाला की आतले लायनर त्याला एका फेऱ्यात दोनदा जास्त घट्ट भिडतात. घाट उतरून आल्याबरोबर तापलेल्या ड्रमवर हातब्रेक करकचून ओढून गाडी उभी करणे, हे त्याचे एक कारण. सपाट जागी गाडी गिअरमध्ये ठेवून, चाकाला दगड लावून, ड्रम निवल्यावर हातब्रेक ओढावा. ड्रम लेथवर तासता येतो, पण त्यालाही कमाल व्यासाची मर्यादा आहे. ती ओलांडली की ड्रम बदलायचा.

एक इशारा मात्र अगत्याचा. जुन्या लायनरांत आणि पॅडांत अ‍ॅस्बेस्टॉस वापरीत असत आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक आहे. ड्रम उघडल्यावर आतली भुकटी वाऱ्याच्या नळीने उडवू देऊ नका. ओल्या फडक्याने पुसू द्या, आणि मुलांना तिथून लांब ठेवा.

गृहस्थाने एवढे करावे

ही कामे घरी करण्याची नाहीत; ब्रेक ही शिकाऊ हात चालवण्याची जागा नव्हे. पण काम कसे व्हावे, हे ठाऊक असणे आपल्या हाती आहे. गाडी टाकताना थरथर कोणत्या वेगाला येते, स्टिअरिंगला येते की सीटला, थंड गाडीत येते की तापल्यावर, हे लिहून द्यावे. डॉक्टरला 'बरं वाटत नाही' एवढेच सांगून जसे भागत नाही, तसेच हे. पूर्वी डिस्क कधी बदलली आणि त्यानंतर गाडी किती धावली, हेही सांगावे. सहा-आठ महिन्यांनी परतलेली थरथर हबकडे बोट दाखवते.

ब्रेक-ऑइल दर दोन वर्षांनी बदलून घ्यावे. ते हवेतला ओलावा शोषते. डॉट-३ जातीचे कोरे तेल निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही; ओलावा शिरल्यावर मात्र ती हमी १४० अंशांवर येते. तेल उकळले तर पेडल पोकळ लागते. थरथरीशी त्याचा संबंध नसला, तरी घाटाशी आहे.

आणि मिस्तरीला चार प्रश्न अवश्य विचारावेत. डिस्क किती डोलते? जाडीत फरक किती? हबचे तोंड साफ केले का? नट टॉर्क-पान्याने आवळले का? विचारताना आवाजात संशय नसावा. चांगल्या कारागिराला असे प्रश्न आवडतात. आमच्या मिस्तरींनी तर न मागता दोन्ही आकडे बिलाच्या पाठीवर लिहून दिले. ते बिल मी गाडीच्या कागदांत ठेवले आहे. पुढच्या खेपेला कुणी "डिस्क वाकली" म्हणालेच, तर आधी ते त्याच्या हाती देईन.